तुलनेचे माप कोणाचे? : पंडिता रमाबाई आणि अण्णा भाऊ साठे यांच्या प्रवासलेखनातील जीवनमानाचा विचार

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना समीक्षेने प्रामुख्याने दोन निकष वापरलेले दिसतात. लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार हा पहिला आणि निसर्ग, शिल्प, कला यांविषयीची सौंदर्यदृष्टी हा दुसरा. या निकषांना उतरणारे लेखन 'ललित' ठरले. न उतरणारे लेखन 'माहितीपर' या सदरात जमा झाले. वाङ्मयेतिहासात अशा लेखनाची नोंद आदराने होते, परंतु त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. या वर्गवारीत एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला. परदेशी गेलेला मराठी लेखक तेथील जीवनाची आपल्या जीवनाशी तुलना करतो, तेव्हा तो नेमके काय मोजतो आणि कोणाच्या बाजूने मोजतो, हा तो प्रश्न होय.

दोन देशांतील जीवनमानाची तुलना हा आज अर्थशास्त्राचा आणि आकडेवारीचा प्रांत मानला जातो. वास्तविक ही तुलना मराठीत प्रथम प्रवासलेखनानेच गंभीरपणे हाती घेतली. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) आणि अण्णा भाऊ साठे यांचे 'माझा रशियाचा प्रवास' या दोन पुस्तकांचा या दृष्टीने विचार केला आहे. एक लेखिका भांडवलशाही अमेरिकेत गेली, दुसरा लेखक समाजवादी रशियात गेला. दोघांच्या काळात सुमारे पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. श्रद्धा आणि राजकीय निष्ठाही भिन्न आहेत. तरीही देशाचे मोठेपण त्यातील सर्वांत दुर्बल माणसाच्या स्थितीवरून ठरवावे, ही भूमिका दोघांत समान आहे. ती दोघांनी सारख्याच कसोशीने पाळली का, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

तुलनेची मराठी परंपरा

मराठी लेखकाच्या परदेशप्रवासात तुलना अटळपणे येते. अनंत काणेकर यांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाच्या शीर्षकातच दोन देश समोरासमोर उभे आहेत. इंग्लंडचे धुके आणि रशियाचा लाल तारा या प्रतिमांत निवाडाही सामावलेला आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) तुलना विनोदाच्या अंगाने येते. इंग्रजांच्या शिस्तीचे कौतुक आणि स्वतःच्या मध्यमवर्गीय मराठी सवयींची थट्टा असा तिचा दुहेरी बाज आहे. या लेखनाचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. मात्र त्यातील निरीक्षक बहुधा पाहुणा असतो आणि यजमान देशातील सुस्थितीतील माणसांशीच त्याची गाठ अधिक पडते. दोन्ही देशांतील बरी परिस्थिती असलेल्या माणसांच्या राहणीची तुलना तेथे होते. ज्यांची परिस्थिती बरी नाही अशी माणसे कडेला राहतात.

रमाबाई आणि अण्णा भाऊ या परंपरेत वेगळे ठरतात, कारण ते स्वतःच कडेच्या जगातून आलेले आहेत.

'लोकस्थिती' आधी, 'प्रवासवृत्त' नंतर

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या डोंगरे कुटुंबाची दुष्काळात वाताहत झाली, आईवडील गेले. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या पदरी लहान मुलगी होती. उपासमार आणि वैधव्य ही दोन्ही दुःखे त्यांनी स्वतः भोगली होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास पोहोचल्या. काही आठवड्यांसाठी योजलेला मुक्काम जवळजवळ तीन वर्षे लांबला. या काळात त्यांनी देशभर व्याख्याने दिली, बालोद्यान शिक्षणाची पद्धती अभ्यासली आणि बालविधवांच्या शाळेसाठी निधी जमवला. १८८९ च्या प्रारंभी त्या परतल्या, ११ मार्च रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि त्याच वर्षी हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

पुस्तकाच्या शीर्षकातील शब्दक्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी 'लोकस्थिती' आणि मग 'प्रवासवृत्त'. आगबोटीच्या प्रवासाची हकिगत आटोपून लेखिका शासनपद्धती, घरगुती जीवन, शिक्षण, धर्मपंथ व धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती आणि व्यापार-उद्योग अशा विषयांकडे वळते. दृश्यवर्णन येते, परंतु ते या विषयांच्या ओघात येते. समीक्षेच्या रूढ निकषांवर हे पुस्तक 'माहितीपर' ठरते ते याच रचनेमुळे. पण ही माहिती ज्ञानकोशाच्या तटस्थतेने गोळा केलेली नाही. तिच्या निवडीमागे एक निश्चित प्रश्न आहे. ज्या देशात स्त्री शिकू शकते, कमावू शकते, संस्था चालवू शकते, त्या देशाच्या घराचे, शाळेचे आणि राज्यकारभाराचे रूप कसे असते, हा तो प्रश्न आहे.

म्हणूनच स्त्रियांच्या स्थितीविषयीचे विवेचन हा या पुस्तकाचा कणा ठरतो. स्त्रियांची महाविद्यालये, त्यांचे व्यवसाय, मद्यपानबंदीसाठी उभारलेली त्यांची देशव्यापी संघटना यांचे वर्णन रमाबाई तपशिलाने करतात. वाचणाऱ्या महाराष्ट्रीय स्त्रीला या तपशिलातून पुढचे पाऊल कळावे, हा त्यामागील उद्देश स्पष्ट आहे. ज्या वर्षी पुस्तक निघाले त्याच वर्षी शाळा निघाली, हा योगायोग नव्हे. येथे तुलना कौतुकापाशी थांबत नाही, ती कार्यक्रमात उतरते.

तथापि या पुस्तकाचे खरे मोल अन्यत्र आहे. अमेरिकेविषयी मनापासून आदर असूनही रमाबाई आपले माप त्या देशालाही लावतात. मूळ रहिवाशांवर गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेला अन्याय, गुलामगिरीचा कलंक, ती कायद्याने संपल्यानंतरही काळ्या माणसांविषयी उरलेला द्वेष, स्त्रियांना मिळणारे कमी वेतन आणि मताधिकाराचा अभाव यांची नोंद त्या घेतात. त्या काळी वायोमिंगसारख्या प्रदेशात स्त्रियांना १८६९ पासून मताधिकार होता. सर्व देशभर तो १९२० च्या घटनादुरुस्तीनंतर आला. म्हणजे ज्या देशाला आदर्श म्हणून समोर ठेवायचे, त्याचीही अपुरी बाजू लेखिका झाकत नाही. भारतातील विधवेच्या दृष्टीने अमेरिका पुढे आहे. अमेरिकेतील काळ्या माणसाच्या दृष्टीने ती मागे आहे. ही दोन विधाने एकाच पुस्तकात शेजारी शेजारी उभी राहतात. जीवनमानाच्या तुलनेत इतका प्रामाणिकपणा त्या काळात दुर्मिळ होता. आजही तो सुलभ झालेला नाही.

पदपथाचे माप

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० मध्ये वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. शालेय शिक्षण नाममात्र. वाटेगावहून मुंबईपर्यंतचा पहिला मोठा प्रवास त्यांनी लहानपणी कुटुंबासह पायी केला. मुंबईत हमाली, गिरणीकाम, झोपडपट्टीतील वास्तव्य, लाल बावटा कलापथक आणि लेखन असा त्यांचा जीवनक्रम आहे. हा लेखक १९६१ मध्ये सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेला. पायी मुंबईस आलेल्या मुलाने पुढे मॉस्को पाहावे, यातच तुलनेचे एक सूत्र दडलेले आहे.

अण्णा भाऊंच्या प्रवासवर्णनात संग्रहालये आहेत, भव्य इमारती आहेत, सत्कारही आहेत. परंतु त्यांची नजर वळते ती पदपथाकडे. मुंबईच्या पदपथांवर माणसे जन्मतात, वाढतात आणि मरतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यामुळे परक्या नगरीत पदपथावर कोणी निजलेले आहे काय, हा त्यांचा स्वाभाविक प्रश्न ठरतो. कष्टकरी माणसाला मिळणारा मान, त्याच्या अंगावरचे वस्त्र, त्याच्या हातातील पुस्तक या गोष्टी ते टिपतात. राष्ट्रीय उत्पन्नाचा एकही आकडा न देता केलेले हे जीवनमानाचे मोजमाप आहे आणि ते अत्यंत नेमके आहे.

येथे मात्र समीक्षेने एक अवघड प्रश्न टाळता कामा नये. मॉस्कोच्या मोकळ्या पदपथामागे कोणती कारणे होती? एक कारण अण्णा भाऊंना अभिप्रेत असलेलेच होते. १९५७ पासून सोव्हिएत सरकारने सामूहिक गृहबांधणीचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला होता आणि लक्षावधी कुटुंबांना स्वतंत्र घर मिळू लागले होते. दुसरे कारण मात्र पाहुण्याच्या दृष्टीस पडणारे नव्हते. मोठ्या शहरात राहण्यासाठी नोंदणीचा परवाना लागत असे आणि सामूहिक शेतीवरील बहुसंख्य शेतकऱ्यांना १९७४ पर्यंत अंतर्गत पारपत्र मिळत नव्हते. त्यामुळे खेडे सोडून शहरात येणे त्यांच्या हाती नव्हते. १९६१ च्या मे महिन्यात रशियन प्रजासत्ताकाने 'काम टाळणाऱ्या' व्यक्तींना शहरातून दूर पाठवण्याचा हुकूमही काढला. म्हणजे पदपथ मोकळा होण्यामागे घराची किल्ली होती तशी परवान्याची अडचणही होती. वाटेगावचा मुलगा मुंबईत येऊ शकला, झोपडीत का होईना राहू शकला आणि 'फकिरा' लिहू शकला. त्याच स्थितीतील रशियन शेतमजुराच्या मुलाला मॉस्कोत येता आले असते काय, हा प्रश्न पुस्तकात उपस्थित होत नाही.

१९५६ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात ख्रुश्चेव्ह यांनी स्तालिनकालीन दडपशाहीवर टीका केली होती आणि तिची बातमी जगभर पोहोचली होती. अण्णा भाऊंच्या प्रवासवर्णनात या अस्वस्थतेची सावली फारशी पडत नाही. याचे स्पष्टीकरण केवळ पक्षनिष्ठेत शोधणे उथळपणाचे ठरेल. ज्याला स्वदेशात जातीमुळे आणि दारिद्र्यामुळे पावलोपावली अवमान सोसावा लागला, त्याला परक्या देशाने लेखक म्हणून सन्मानाने वागवले. हा अनुभव त्याच्या लेखी कोणत्याही राजकीय वार्तेहून मोठा होता आणि तसे असणे मानवी आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने फरक नोंदवणे आवश्यक आहे. रमाबाईंनी जवळजवळ तीन वर्षे राहून, स्वतःच्या हिकमतीवर फिरून अमेरिका पाहिली. अण्णा भाऊंना मोजक्या दिवसांचा, आखून दिलेला दौरा लाभला. माप दोघांचेही तळातल्या माणसाचे होते. ते यजमान देशाच्या तळापर्यंत नेण्याची संधी एकीला मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही.

निर्देशांक आणि सरासरी

जीवनमान मोजण्याचे शास्त्रीय प्रयत्न पुढे झाले. दरडोई उत्पन्नाची मर्यादा लक्षात आल्यावर मॉरिस डी. मॉरिस यांनी १९७९ मध्ये साक्षरता, बालमृत्यू आणि आयुर्मान यांवर आधारित निर्देशांक मांडला. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या वैचारिक साहाय्याने मानव विकास निर्देशांक आला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न हे त्याचे तीन घटक आहेत. २०२५ च्या अहवालानुसार १९३ देशांत भारताचा क्रमांक १३० वा आणि अमेरिकेचा १७ वा आहे. हा क्रमांक वृत्तपत्रांत ठळकपणे येतो. त्याच अहवालातील दुसरी नोंद मात्र कमी वाचली जाते. देशांतर्गत विषमता हिशेबात घेतली की भारताचा निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी घसरतो. सरासरी माणूस जितका पुढे गेलेला दिसतो, तितका तळचा माणूस गेलेला नाही, हे या आकड्याचे सरळ सांगणे आहे.

शास्त्राने ज्या जागी पोहोचण्यास एवढा काळ घेतला, त्या जागेवरून रमाबाई आणि अण्णा भाऊ यांनी लेखनाला प्रारंभच केला होता. त्यांच्या पुस्तकांत निर्देशांकाची काटेकोरता नाही हे खरे. ती शोधूही नये. परंतु 'देश कसा आहे' या प्रश्नाऐवजी 'या देशात कोण कसे जगते' हा प्रश्न त्यांनी विचारला. 'माहितीपर' या शिक्क्याखाली जे लेखन बाजूला सारले गेले, त्यात ही मूलगामी दृष्टी होती.

परभणीच्या वाचकासाठी

परभणी जिल्ह्याच्या वाचकाला दोन राज्यांतील जीवनाची तुलना नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लोकांच्या बोलण्यात या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. आज हिंगोली जिल्ह्यात गेलेला भाग तेव्हा परभणीतच होता आणि पैनगंगा ओलांडली की इंग्रजी अमलाखालचा वऱ्हाड लागे. भाषा तीच, पीक तेच, नातीगोतीही तीच. राज्य मात्र वेगळे. अलीकडे मातृभाषेला शिक्षणात आणि दरबारात दुय्यम स्थान, सभेला आणि लिहिण्याला बंधने. पलीकडे गुलामी इंग्रजांची, पण शाळा आणि वर्तमानपत्र मराठीत. मुक्तिसंग्रामाच्या काळात सीमेपलीकडे शिबिरे उभी राहिली ती या फरकामुळेच. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर मजुराचे पोट आणि अस्पृश्याचा पाणवठा यांत फारसा फरक नव्हता. राज्याची तुलना एक उत्तर देते, माणसाची तुलना दुसरे. हा धडा या भूमीच्या स्मृतीतच आहे.

संस्थान गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तुलनेला नवा शब्द मिळाला, तो म्हणजे 'अनुशेष'. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीशी तुलना करून प्रदेशांची तूट मांडली. २०१३ च्या केळकर समितीच्या अहवालाने हा विचार पुढे नेला. मराठवाड्यावरील अन्यायाला या हिशेबामुळेच वाचा फुटली. त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि या हिशेबाचीही मर्यादा तीच आहे. जिल्ह्यात विहिरी किती, हे मोजले जाते. विहीर कोणाच्या शेतात आहे आणि घरात पाण्याचा हंडा कोणाच्या डोक्यावर येतो, हे सरासरीत दिसत नाही. परभणी पुण्याच्या बरोबरीला आली तरी गंगाखेड तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे जगणे कोणाच्या बरोबरीला आले, हा प्रश्न शिल्लक राहतो. ज्या गंगाखेडचे नाव जनाबाईशी जोडलेले आहे, तेथे हा प्रश्न विचारण्यासाठी परकीय सिद्धान्त उसना आणण्याची गरज नाही. दळणकांडण करणाऱ्या दासीच्या जागेवरून जग पाहण्याची रीत मराठीला तेराव्या-चौदाव्या शतकापासून ठाऊक आहे.

महाविद्यालयीन वर्गात या दोन पुस्तकांचे अध्यापन करताना हा संदर्भ उपयोगी पडतो. आजच्या विद्यार्थ्यासमोर परदेश दूरध्वनीच्या पडद्यावर रोज येतो. गावातील एखादा मुलगा तिकडे नोकरीस लागलेला असतो. 'तिकडे सर्व चांगले' आणि 'आपली संस्कृतीच श्रेष्ठ' या दोन टोकांमध्ये त्याची तुलना हेलकावे खाते. रमाबाईंचे पुस्तक त्याला तिसरी वाट दाखवते. ज्याचे कौतुक करावयाचे त्याचीही झडती घ्यावी आणि घरचे दोष सांगताना परक्याचे दोष झाकू नयेत, ही ती वाट आहे. अण्णा भाऊंचे पुस्तक त्याला नजर कोठे ठेवावी हे शिकवते आणि जे डोळ्यांना दिसले त्यामागील कारण विचारण्याची गरजही, काहीसे स्वतःच्या उणिवेतून, दाखवून देते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, दोन देशांतील जीवनमानाची तुलना हा मराठी प्रवासलेखनाचा आनुषंगिक विषय नसून त्यातील एका महत्त्वाच्या प्रवाहाचा गाभा आहे. 'ललित' आणि 'माहितीपर' या वर्गवारीमुळे तो दुर्लक्षित राहिला. दुसरी, रमाबाई आणि अण्णा भाऊ यांनी तुलनेचे माप तळच्या माणसाच्या हाती दिले आणि त्यामुळे त्यांचे लेखन सरासरीच्या पलीकडे जाते. तिसरी, हे माप यजमान देशालाही तितक्याच कठोरपणे लावण्यात रमाबाई अधिक यशस्वी ठरतात. अण्णा भाऊंचे पुस्तक त्याच्या उत्कटतेसह आणि त्याच्या मौनासह वाचले पाहिजे.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्को येथे अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हा सन्मान यथोचितच आहे. परंतु त्यांनी मॉस्कोतील पदपथ पाहून जो प्रश्न मनात धरला होता तो मूळचा मुंबईचा होता, आणि तो परभणीच्या बसस्थानकाबाहेर रात्री निजणाऱ्या माणसालाही लागू आहे. पुतळा परदेशी उभा राहिला. प्रश्नाचे उत्तर मात्र स्वदेशीच द्यावयाचे आहे.